धोका कुणाच्या दारात? – सांगली ते आटपाडी

मुंबईहून रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघाले की उजाडता उजाडता मिरज जंक्शन येते. मिरज हे दवाखान्यांचे गाव. डॉ. वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली इथे रुग्णालय उघडले. तेव्हापासून कोकण, कर्नाटक आणि माणदेश अशा तिन्ही बाजूंचा आजारी माणूस मिरजेला आणला जातो. स्टेशनबाहेरचा रिक्षावाला बॅगेकडे नाही, तोंडाकडे बघतो आणि विचारतो, "कुठला दवाखाना?" मी म्हटले, "दवाखाना नको बाबा, सांगलीचा स्टँड."

मी मुंबईत महापालिकेच्या एका रुग्णालयात तीस वर्षे परिचारिका होते. १९९० नंतरच्या दहा-बारा वर्षांत आमच्या वॉर्डात जी तरुण मुले वाळून वाळून गेली, त्यांच्या केसपेपरवरचे पत्ते मला अजून पाठ आहेत. तालुका खानापूर. तालुका आटपाडी. तालुका कवठेमहांकाळ. तालुका तासगाव. जिल्हा सांगली. माझे स्वतःचे माहेर त्याच पट्ट्यातले, त्यामुळे पत्ता वाचताना हात थांबायचा. कुणाचा असेल हा? पण विचारायचे नाही, हा नोकरीचा नियम होता आणि तो योग्यच होता.

यंदा भाचीच्या बाळाच्या नामकरण विधीसाठी विट्याला जायचे होते. भाची जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, जावई हायस्कूलला. म्हटले, आठ दिवस काढू आणि वाटेत जिथे जिथे गुरुजींची, बाईंची ओळख निघेल तिथे एकच प्रश्न विचारू : "तुमच्या गावात एच.आय.व्ही.चा धोका कुणाला आहे?"

प्रश्न शिक्षकांनाच का, असे वाचकांना वाटेल. तर खेडेगावात डॉक्टर तालुक्याला असतो, तलाठी कागदापुरता भेटतो, पण मास्तर रोज असतो. पोरीला स्थळ आले की बाप आधी मास्तरांना विचारतो, "पोरगा कसा हाय गुरुजी, तुमच्याच हाताखालचा न्हवं?" कुठल्या पोराला जवळ बसवायचे आणि कुठल्याला लांब, हे गाव शाळेकडे बघून शिकते. मास्तराच्या मनात धोका ज्या घरावर लिहिलेला असेल, तेच घर गावाच्याही मनात धोक्याचे होते.

सांगलीत पहिले गुरुजी भेटले ते शहरातल्या एका हायस्कूलचे. हळदीच्या पेठेजवळ राहतात. पाव्हणी आली म्हणून भडंग पुढे ठेवले, चहा झाला. प्रश्न ऐकून त्यांनी खिडकीबाहेर हात केला. "धोका? तो गोकुळनगरला जाऊन विचारा ताई. आमच्या शाळेची पोरं चांगल्या घरातली."

गोकुळनगर ही सांगलीतली वेश्यावस्ती. गुरुजींच्या घरापासून रिक्षाने फार लांब नाही, पण त्यांनी ज्या रीतीने हात केला त्यावरून वाटावे, ती दुसऱ्या देशात आहे. याच वस्तीत १९९२ पासून 'संग्राम', म्हणजे संपदा ग्रामीण महिला संस्था, काम करत आली. पुढे तिथल्या बायकांनी स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी केली. निरोध वाटायचा तो त्यांनीच, गिऱ्हाईक निरोध घालत नसेल तर परत पाठवायचे तेही त्यांनीच, एकमेकींना तपासणीला न्यायचे तेही त्यांनीच. सरकारी खात्यांना जे साधत नव्हते ते त्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या बायांनी करून दाखवले, आणि बाहेरच्या देशांतले लोक ते बघायला सांगलीला आले. एच.आय.व्ही. कसा पसरतो, यावर या बाया आणि गुरुजींची स्टाफरूम अशी परीक्षा घेतली, तर कोण पास होईल याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शिवाय गोकुळनगरला जाणारा माणूस रात्री परत कुठल्या घरी जातो, हा प्रश्न गुरुजींच्या मनाला शिवला नव्हता. तो 'चांगल्या घरी'च जातो.

सांगलीहून एस.टी.ने तासगाव. दोन्ही बाजूला द्राक्षबागा, मध्येच बेदाण्याची शेड. इथे एका विद्यालयातल्या सरांची गाठ पडली. माणूस कळकळीचा. १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनाला, प्रभातफेरी काढतात, पोरांकडून घोषणा म्हणवून घेतात. ते म्हणाले, "आमच्याकडं धोका दोन जणांना. एक ट्रकवाले आणि दुसरे कोयतेवाले. बीडकडनं, जतकडनं ऊस तोडायला टोळ्या येतात, उघड्यावर राहतात. त्यांचं काय सांगावं!"

आणि मग मोठ्या अभिमानाने सांगितले, की त्यांनी गेल्या वर्षी आरोग्य खात्याच्या ताईंना बोलावून खास व्याख्यान ठेवले होते. कुठे? मागासवर्गीय मुलींच्या वसतिगृहात.

"आणि शाळेतल्या बाकीच्या मुलींना?"

"त्यांना कशाला? त्यांचे पालक काय म्हणतील?"

वाचकहो, या सरांच्या मनात द्वेष नव्हता. पण धोका कुठे, असे विचारले की बोट गावाच्या खालच्या अंगालाच जाते, ही आपल्याकडची जुनी सवय. पूर्वी पाणी बाटण्याचा धोका ज्या बाजूने यायचा, त्याच बाजूने हा रोगही येणार, असे धरून चालायचे. यातून दोन नुकसाने होतात. वसतिगृहातल्या आपल्या मुली त्या व्याख्यानाला खाली मान घालून बसतात, कारण शंभरातून आपल्यालाच वेगळे काढून का सांगतात हे त्यांना न सांगता कळते. आणि ज्या मुलींना 'कशाला' म्हणून वगळले त्या कोऱ्याच्या कोऱ्या लग्नाच्या बोहल्यावर चढतात.

त्या मुलींचे नवरे कोण, हे बघायला विट्याकडे जावे लागते.

विटा हे खानापूर तालुक्याचे मुख्य गाव. यंत्रमागाचा खडखडाट ऐकू आला की विटा आले असे समजावे. पण या भागाची खरी कमाई गलाईची. मुंबईच्या वाचकांना गलाई म्हणजे काय हे कदाचित माहीत नसेल. जुने दागिने आणि सोनाराच्या दुकानातली झाडलोट घ्यायची, भट्टीवर आटवायची, तेजाबात टाकायची आणि त्यातून शुद्ध सोने-चांदी वेगळी काढायची. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि पलीकडचे साताऱ्याचे माण-खटाव हा सारा पावसाच्या सावलीतला दुष्काळी मुलूख. शेतीत काही पिकेना म्हणून इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा घेऊन बाहेर पडली. केरळातल्या एखाद्या लहानशा बाजारगावात किंवा कोलकात्याच्या गल्लीत गलाईचे दुकान दिसले, तर मालक बहुधा खानापूर-आटपाडीकडचा निघेल. मालकाच्या हाताखाली गावाकडून नेलेली पोरे. दहावी झाली न झाली की पोरगा जातो. भाषा येत नाही, तेजाबाच्या धुराने छाती भरते, वर्ष-वर्ष घर नाही. दिवाळीला नाहीतर जत्रेला तो परत येतो तेव्हा हातात कडे असते आणि घरात त्याच्या लग्नाचे बोलणे चालू असते.

या गावांतून फिरताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. दोन मजली बंगले, त्यांना कुलपे, आणि ओसरीवर फक्त म्हातारी माणसे नाहीतर तरण्या सुना. देवळाच्या, शाळेच्या, कमानीच्या दगडावर देणगीदारांची नावे आणि नावापुढे परराज्यातल्या शहराचे नाव.

अशाच एका गावात निवृत्त गुरुजींकडे जावयाने मला नेले. वय ऐंशीच्या पुढे. कान जरा जड, पण स्मरण लख्ख. प्रश्न ऐकल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग आत जाऊन सातवीच्या एका तुकडीचा फोटो घेऊन आले. कृष्णधवल, कडेला वाळवी लागलेला. एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत गेले. "हा बेंगलोरला होता. हा मद्रासला. हा मुंबईत झवेरी बाजारात. हा हुशार होता, गणितात पैकीच्या पैकी." ज्या ज्या चेहऱ्यावर बोट थांबले तो तो मुलगा तिशी-पस्तिशीच्या आत गेलेला. "टीबीनं गेला असं सांगायचे. कावीळ झाली म्हणायचे. आम्ही पण तसंच म्हणायचो."

"तेव्हा तुम्हाला काय वाटायचं गुरुजी? धोका कुणाला?"

"आम्हाला वाटायचं, हा मुंबईच्या बायकांचा रोग. मग कळलं, आमच्या पोरांना धोका आहे. पोरींना आहे हे लई उशिरा कळलं." आणि थोडे थांबून म्हणाले, "माझ्या शाळेतल्या दोन पोरींची स्थळं मीच जमवली होती. पोरं माझीच, पोरी पण माझ्याच. एक पोरगी बाळंतपणात तपासली तेव्हा समजलं. दुसरी अजून आहे. द्राक्षाच्या बागेत कामाला जाते. गोळी चालू आहे. मला बघितलं की अजून पाया पडते."

त्यांना वाटले ते त्यांचे एकट्याचे अज्ञान नव्हते. १९८६ साली मद्रासमध्ये आपल्या देशातले पहिले एच.आय.व्ही. रुग्ण सापडले ते वेश्या-व्यवसायातल्या स्त्रियांत, आणि त्यामुळे पुढची कितीतरी वर्षे सगळ्यांची नजर तिथेच खिळून राहिली. पुण्यातल्या एका अभ्यासाने ती नजर थोडी वळवली. डॉ. रमण गंगाखेडकर, जे २०२० साली करोनाच्या दिवसांत टी.व्ही.वर रोज दिसत, ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रिया तपासल्या. त्यांतल्या ज्या वेश्या-व्यवसायात नव्हत्या, बहुतेक लग्न होऊन नवऱ्याशी एकनिष्ठ राहिलेल्या होत्या, त्यांच्यातही शंभरात १३ ते १४ जणींना लागण झालेली आढळली. १९९७ मध्ये हे अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्या स्त्रियांच्या बाबतीत धोका घराच्या उंबऱ्याच्या आत होता. मंगळसूत्र किंवा कुंकू विषाणूला अडवत नाही. पण हे विट्याच्या, तासगावच्या स्टाफरूमपर्यंत कुणी पोहोचवले?

विट्यात आपल्याच समाजातले एक सर भेटले. विहारात दर रविवारी वंदना घेतात, मुलांना स्पर्धा परीक्षेची पुस्तके स्वतःच्या पैशाने आणून देतात. अशा माणसाबद्दल लिहिताना लेखणी जड होते, तरीही लिहिते. ते म्हणाले, "ताई, आपल्या वस्तीत हा प्रश्न नाही. आपण पंचशील मानणारे लोक. तिसरं शील पाळलं की हा रोग जवळ येत नाही. हे गलाईवाल्यांचं दुखणं."

म्हणजे वरच्या आळीचे गुरुजी खालच्या आळीकडे बोट दाखवतात आणि आपले सर वरच्या आळीकडे. शील पाळावे याबद्दल वाद नाही. पण जी पोरगी शील पाळते तिच्या नवऱ्याने पाळले की नाही, हे तिला कोण सांगणार? आपल्या वस्तीतली पोरेही आता गलाईच्या दुकानात हाताखाली जातात, सेंटरिंगच्या कामाला पुण्याला जातात, उचल घेऊन कोयत्यावर जातात. आणि समजा, उद्या वस्तीतल्याच एखाद्या भगिनीचा अहवाल पॉझिटिव्ह आला, तर 'आपल्यात हे नाही' असे भर सभेत सांगणाऱ्या सरांकडे ती जाईल का? ती कुणाकडेच जाणार नाही.

या विषयावर तोंड उघडणे म्हणजे अश्लीलता, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक इतिहास सांगते. प्रा. र. धों. कर्वे मुंबईत विल्सन कॉलेजात गणित शिकवत. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून १९२५ साली त्यांची नोकरी गेली. १९२७ पासून ते 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवू लागले आणि लैंगिक आरोग्याबद्दल वाचक जे विचारतील त्याची उघड, शास्त्रीय उत्तरे देऊ लागले. त्यावरून अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ साली मुंबईच्या कोर्टात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांनी विचारलेल्या प्रश्नांना जाणकाराने उत्तर देणे हा गुन्हा नव्हे, असा बाबासाहेबांच्या बाजूचा रोख होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेबांनी कुठली बाजू घेतली ते नोंदले गेलेले आहे, आणि माझ्या मते आपल्या सरांनी वंदनेनंतरच्या पाच मिनिटांत तेही सांगायला हरकत नाही.

शिक्षकांवर सगळा दोष टाकणेही बरोबर नाही. केंद्र सरकारने एड्स नियंत्रण संघटनेच्या साथीने हायस्कूलच्या मुलांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला. त्यातल्या चित्रांवरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि २००७ साली महाराष्ट्राने तो थांबवला. त्या वेळी प्रशिक्षण घेतलेल्या एक बाई मला म्हणाल्या, "तक्ते आले तसे कपाटात गेले. हेडमास्तरांनी कुलूप घातलं. तेव्हापासून आम्ही पण तोंडाला कुलूप घातलं." आज आठवीच्या विज्ञानात 'आरोग्य व रोग' हा पाठ आहे, त्यात डेंग्यू, रेबीज यांच्या रांगेत एड्सही आहे. पण बऱ्याच ठिकाणी तो 'घरी वाचून या' असा शिकवला जातो.

आता तरुण शिक्षकांचे वेगळेच. भाचीच्या शाळेतला एक नवा मास्तर मोबाईलवरून मान वर करून म्हणाला, "मॅडम, एड्स आता कुठं राहिलाय? ते तुमच्या वेळचं." त्याला असे वाटते त्याचे कारण चांगलेच आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारने ए.आर.टी. औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. महाराष्ट्र त्या पहिल्या सहा राज्यांत होता. २०१७ पासून तर लागण कळली की लगेच औषध, वाट बघायची नाही, असे धोरण आहे. बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. ती न चुकवता घेतली आणि रक्तातला विषाणू तपासणीत न सापडण्याइतका कमी राहिला, की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. औषध नसेल तर शंभर लागण झालेल्या आयांच्या १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते. वेळेवर औषध घेतले तर हे प्रमाण पाचाच्या खाली येते. आमच्या वॉर्डात जे दिसायचे ते आता क्वचित दिसते. म्हणून तरण्या मास्तराच्या डोळ्यांसमोर तसे मरण नाही, आणि मरण नाही म्हणून त्याला रोगच नाही असे वाटते. देशात आजही सुमारे २५ लाख लोक एच.आय.व्ही.सह जगत आहेत, आणि राज्यांत सर्वांत जास्त आपल्या महाराष्ट्रात.

यात आणखी एक गोष्ट मला जाणवली. व्यंकटेश माडगूळकरांनी 'बनगरवाडी'त याच माणदेशातला मास्तर रंगवला आहे. तो वाडीतच राहायचा, म्हणून वाडी त्याला सगळे सांगायची. आजचा मास्तर विट्याहून, आटपाडीहून मोटरसायकलवर येतो, शाळा सुटली की जातो. त्यालाही घरदार आहे, त्याच्या मुलांना शिकायचे आहे. पण रात्री कुणाच्या घरात दिवा जळतो आणि कुठली सून माहेरी निघून गेली, हे त्याला दिसत नाही. मग धोका कुठे, असे विचारले की तो जे ऐकले आहे ते सांगतो : ट्रकवाले, कोयतेवाले, ती गल्ली.

शेवटचे तीन दिवस मी आटपाडी तालुक्यात होते. एकेकाळी टँकरच्या मागे हंडे घेऊन पळणारा हा तालुका. आता टेंभू योजनेचे पाणी आले, डाळिंबाच्या बागा दिसतात. इथल्या एका गावातल्या बाईंबद्दल भाचीने आधीच सांगून ठेवले होते. नाव मी लिहीत नाही, त्यांनीच नको सांगितले. पन्नाशीच्या, सावळ्या, आवाज खणखणीत. शाळा आठवीपर्यंतची. मी माझा ठरलेला प्रश्न विचारला. त्या हसल्या. "ताई, धोका कुणाला हे मी विचारतच नाही. विचारलं की लोक दुसऱ्याचं नाव सांगतात. मी हजेरीपट बघते."

मला कळेना. त्यांनी समजावले. पोराचा बाप कुठे असतो, हे त्या वर्षाच्या सुरुवातीला लिहून घेतात. पत्ता बदलला तर शिष्यवृत्तीचे कागद अडू नयेत म्हणून. त्यातून त्यांना दिसले, की निम्म्याहून जास्त मुलांचे बाप वर्षातले बरेच महिने गावात नसतात. मराठ्यांचे, धनगरांचे, आपले, सगळ्यांचे. "मग मी कुठल्या आळीला वेगळं काढू? मी सगळ्यांनाच सांगते. मुलांना पण आणि मुलींना पण." पालकसभा त्या ऑगस्टमध्ये नुसती कागदावर घेतात. खरी सभा घेतात ती जत्रेच्या आठवड्यात, गलाईवाले गावात आलेले असताना. आरोग्य केंद्राच्या समुपदेशक ताईंना बोलावतात. आधी तेजाबाच्या धुराने फुप्फुसे कशी जातात ते सांगतात, कारण त्या विषयाला बाप्ये बसून राहतात. त्यातूनच पुढे या विषयावर येतात.

"कुणी ओरडत नाही?"

"ओरडले की. पहिल्या वर्षी सरपंचांकडं तक्रार गेली. मी म्हटलं, आठवीच्या पुस्तकात धडा आहे, शिकवू नको असं लेखी द्या. कुणी दिलं नाही."

त्यांच्या शाळेत दोन बहीण-भाऊ होते. आईबाप दोघेही गेलेले. म्हातारी आजी अंथरुणाला. थोरली पंधरा वर्षांची, तालुक्याच्या हायस्कूलला. धाकट्याचा प्रवेश करायला तीच आली. कारकून म्हणाला, पालकाला घेऊन ये. त्याचे ऐकून दोन-चार आया म्हणू लागल्या, त्या पोराला आमच्या पोरांजवळ बसवू नका. मुलाला लागण होती की नव्हती, हे बाईंनी मलाही सांगितले नाही. कारकुनाला त्यांनी २०१७ चा एच.आय.व्ही. आणि एड्स कायदा काढून दाखवला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात स्पष्ट आहे, की लागण असो वा नसो, या कारणाने कुणालाही शाळेतून दूर ठेवता येत नाही आणि तपासणीची सक्ती करता येत नाही. आणि एक कलम फार कमी लोकांना माहीत आहे : अशा घरातले बारा ते अठरा वयाचे थोरले भावंड समंजस असेल, तर शाळेतल्या प्रवेशासाठी ते धाकट्याचे पालक म्हणून सही करू शकते. पंधरा वर्षांच्या पोरीने सही केली. मुलगा पहिल्या बाकावर बसला.

त्या आयांना बाईंनी काय सांगितले ते माझ्या धंद्यातले आहे, म्हणून मातांसाठी इथे देते. एका डब्यात जेवल्याने, एका नळाला तोंड लावल्याने, खोकल्याने, डास चावल्याने किंवा मिठी मारल्याने हा विषाणू लागत नाही. शाळेत मूल पडले, रक्त आले, तर ते मूल कुणाचेही असो, हातमोजे घालायचे, जखम धुवायची, पट्टी बांधायची. एका मुलासाठी हातमोजे आणि दुसऱ्यासाठी उघडा हात, असे करायचे नाही. दवाखान्यात आम्हीही हेच करत होतो.

बाईंच्या वर्गात खडूचा रिकामा खोका आहे, वर चीर पाडलेली. त्यात मुलांनी नाव न घालता प्रश्न टाकायचे आणि शनिवारी शेवटच्या तासाला बाई उत्तरे देतात. मी गेले तो शनिवारच होता. मला मागे बसू दिले. चिठ्ठ्या निघत गेल्या. जत्रेत गोंदवून घेतले तर एड्स होतो का? (सुई नवी असेल तर नाही, बाई म्हणाल्या, आपल्यासमोर पाकीट फोडायला लावा.) दाढीच्या ब्लेडने होतो का? बाबा केरळला असतात, त्यांना फोनवर कसे विचारायचे? या चिठ्ठीवर बाई थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, बाबांना काही विचारू नको, १०९७ हा नंबर त्यांना पाठव, फुकट लागतो, बाबा त्यांना हवे ते विचारतील.

मग एक चिठ्ठी निघाली. अक्षर मुलीचे वाटले, पण बाईंनी वर्गाकडे न बघता वाचली : "माझ्या ताईचं लग्न ठरलं आहे. मुलाचं रक्त तपासायला कुणी सांगायचं? पप्पांनी का ताईनं?"

वर्गात हसू फुटले नाही. बाईंनी चिठ्ठी घडी करून पदरात ठेवली. म्हणाल्या, "एकट्या मुलाचं नाही तपासायचं, दोघांचं तपासायचं. सक्ती नाही करायची, दोघांनी मिळून जायचं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फुकट होतं आणि कागद ज्याचा त्याच्याच हातात देतात. लागण झाल्यावर काही आठवडे तपासणीत दिसत नाही, म्हणून ताई तिथल्या समुपदेशकाला विचारेल, परत कधी यायचं. आणि पप्पांना सांगायला जड जात असेल, तर आईला सोमवारी शाळेत घेऊन ये. मी येते घरी बोलायला."